गाईडमधून गायब झालेली बाई: मिझ पॅक-मॅन आणि परवान्याच्या आर्टवर्कचं एक प्रकरण

२०२२ मध्ये ‘पॅक-लँड’ हा १९८४ चा आर्केड गेम नव्या यंत्रांसाठी पुन्हा बाजारात आला. खेळ तोच, धावपळ तीच. फक्त जिथे पॅक-मॅनची जोडीदार मिझ पॅक-मॅन असायची तिथे गुलाबी हॅट घातलेली एक अनोळखी बाई उभी होती. तिचं नाव पॅक-मॉम. त्याच वर्षी आलेल्या ‘पॅक-मॅन वर्ल्ड री-पॅक’मध्येही तसंच झालं. हा १९९९ च्या गेमचा नवा अवतार. मूळ गेममध्ये मिझ पॅक-मॅन होती, नव्यात पॅक-मॉम आली आणि पोराचं नावही पॅक-बॉय झालं. जुने खेळाडू थोडे चिडले, थोडे हसले आणि पुढे गेले. पण जुन्या गेमच्या पात्रांचे टी-शर्ट, मग, बॅगा, प्लश खेळणी काढणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने बघावं, कारण असा बदल गेममध्ये एकदा झाला की लायसन्सीच्या, म्हणजे परवाना घेऊन माल काढणाऱ्याच्या, टेबलावरही तो आज ना उद्या येतोच.

या धंद्यात नव्याने आलेल्या डिझायनरला लायसन्सरकडून, म्हणजे परवाना देणाऱ्या मालकाकडून, मिळणारं स्टाईल गाईड म्हणजे तयार चित्रांचा सुंदर साठा वाटतो. फाइल उघडायची, पात्र उचलायचं, मालावर बसवायचं. माझं मत वेगळं आहे. रेट्रो गेमच्या बाबतीत तरी गाईड हे कराराचं परिशिष्ट समजूनच वाचायला हवं. कुठलं पात्र आहे, कुठलं नाही, कोण कोणाशेजारी उभं राहू शकतं, कुठली पार्श्वभूमी वापरायची, हे सगळं चाळीस वर्षांपूर्वी कोणी कोणाशी काय ठरवलं होतं त्यावर अवलंबून असतं. मिझ पॅक-मॅनइतकं याचं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही.

एका पात्राचे चार चेहरे

पॅक-मॅन नामको या जपानी कंपनीचा. तोरू इवातानी आणि त्यांच्या छोट्या गटाने तो घडवला आणि १९८० मध्ये जपानमध्ये तो ‘पक-मॅन’ नावाने आला. अमेरिकेत तो मिडवे या कंपनीने आणला, तेव्हा नाव बदललं आणि कॅबिनेटवरची, म्हणजे आर्केड यंत्राच्या खोक्यावरची, चित्रंही नव्याने काढली. पडद्यावरचा पॅक-मॅन म्हणजे तोंड उघडझाप करणारं पिवळं वर्तुळ, त्याला डोळासुद्धा नाही. मिडवेच्या कॅबिनेटवर मात्र त्याला मोठे डोळे आणि लांब पाय मिळाले. १९८२ मध्ये अटारी २६०० साठी घरगुती आवृत्ती आली, तिच्यात पडद्यावरच्याच पॅक-मॅनला डोळा बसवलेला होता. त्याच वर्षी हॅना-बार्बेराची कार्टून मालिका एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि पॅक-मॅन डोक्यावर टोपी घालून घरसंसार करू लागला. १९८३ मध्ये तर जनरल मिल्सने त्याच्या नावाचं न्याहारीचं सीरियल काढलं.

तीन वर्षांत एकाच पात्राचे किमान चार चेहरे बाजारात होते आणि त्यांना एका हाताने आकार दिलेला नव्हता. त्या काळातला माल शेजारी शेजारी ठेवला की हे लगेच दिसतं: एका डब्यावर पाय, दुसऱ्यावर नुसतं वर्तुळ, तिसऱ्यावर टोपी. संग्राहकाला यात मौज वाटते, पण हक्काच्या मालकाची डोकेदुखी होते.

डोकेदुखी का, याचं उत्तर त्याच काळातल्या एका निकालात आहे. मॅग्नाव्हॉक्सच्या ओडिसी २ यंत्रासाठी १९८१ मध्ये ‘के. सी. मंचकिन’ नावाचा चक्रव्यूहाचा गेम आला होता. अटारीकडे पॅक-मॅनचे घरगुती हक्क होते, त्यांनी खटला भरला. खालच्या न्यायालयाने विक्री थांबवायला नकार दिला. अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९८२ मध्ये तो निर्णय फिरवला. चक्रव्यूह, ठिपके, गुण मोजायची पद्धत हे बहुतेक खेळाच्या कल्पनेत जमा झालं, त्यावर फारशी मालकी सांगता आली नाही. जिंकून दिलं ते पात्रांनी: गिळत सुटणारा गोळा, मागे लागणारी भुतं, त्यांचं ठरावीक रूप आणि वागणं. म्हणजे कॉपीराइटच्या नजरेत खरी मालमत्ता ‘कसं दिसतं’ हीच होती. ज्या मालमत्तेचं रूपच चार ठिकाणी चार तऱ्हेचं आहे, ती न्यायालयात दाखवताना कमकुवत वाटते, हे वकिलाने सांगायची गरज नाही.

ट्रेडमार्कचं तर याहून कडक. अमेरिकी कायद्यात मालक आपला मार्क दुसऱ्याला वापरायला देतो तेव्हा मालाच्या दर्जावर लक्ष ठेवणं ही त्याचीच जबाबदारी. लक्ष न ठेवता परवाने वाटत सुटला तर मार्कवरचा हक्कच जाऊ शकतो. लायसन्सर सॅम्पल मागतो, पिवळ्याची छटा जरा फिकी म्हणून माल परत पाठवतो, तेव्हा लायसन्सीला तो खोडसाळपणा वाटतो. पण तो कागदोपत्री पुरावाही तयार करत असतो, की आम्ही लक्ष ठेवतो.

तिची जन्मकथा

आता बाईसाहेबांकडे. मिझ पॅक-मॅन नामकोच्या कार्यालयात जन्मलीच नाही. अमेरिकेतल्या जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन, म्हणजे जीसीसी, या कंपनीतल्या तरुण पोरांनी ती केली. ही पोरं आर्केड मालकांना जुने गेम ताजे करणारी जोड-सर्किटं विकत. अटारीच्या ‘मिसाईल कमांड’साठी त्यांनी असं एक किट काढलं, अटारीने खटला भरला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. तडजोडीतली एक अट अशी की मूळ उत्पादकाच्या परवानगीशिवाय यापुढे अशी किटं विकायची नाहीत. तोवर त्यांचं पॅक-मॅनवरचं किट तयार होत आलं होतं, नाव ‘क्रेझी ऑटो’. पात्राला पाय होते. परवानगी हवी म्हणून पोरं थेट मिडवेकडे गेली. मिडवे नामकोच्या पुढच्या गेमची वाट बघून कंटाळली होती, त्यांनी किटऐवजी अख्खा नवा गेमच घेतला. ‘क्रेझी ऑटो’ची मिझ पॅक-मॅन झाली आणि १९८२ च्या सुरुवातीला बाजारात आली. तिची एक लाखाहून जास्त कॅबिनेटं खपली. अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी आर्केड गेमांपैकी ती एक.

यात आर्टवर्कवाल्यांसाठी एक छान प्रसंग आहे. सुरुवातीच्या आराखड्यात तिला लांब केस होते. नामकोचे प्रमुख मासाया नाकामुरा यांना केस पटले नाहीत, ते काढायला लावले. उरली लाल फीत, लिपस्टिक, गालावरचा तीळ आणि एक डोळा. आजच्या भाषेत याला कॅरॅक्टर अप्रूव्हल म्हणतात. परवाना देणाऱ्याने दुसऱ्याने काढलेल्या पात्रातली एक गोष्ट नाकारली आणि त्या एका नकारातून पात्राची कायमची ओळख ठरली. स्टाईल गाईडमधल्या ‘हे करू नका’ या पानाची ताकद दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

पुढे मिडवे आणि नामको यांचे संबंध बिघडले. मिडवेने पॅक-मॅनच्या नावाने स्वतःच आणखी गेम काढले होते, आणि शेवटी दोघांचे रस्ते वेगळे झाले. मिझ पॅक-मॅन नामकोकडे गेली, पण तिच्यावरची रॉयल्टी घेण्याचा जीसीसीवाल्यांचा हक्क करारानुसार शाबूत राहिला. म्हणजे पात्र एकाचं आणि त्याच्या कमाईत वाटा दुसऱ्याचा. नामको २००५ मध्ये खेळणी बनवणाऱ्या बांदाईशी एक झाली, तरी हा वाटा तसाच चालू राहिला. २०१९ मध्ये छोटे कन्सोल बनवणाऱ्या अ‍ॅटगेम्स या कंपनीने जीसीसीवाल्यांचे हे हक्क मिळवले, आणि त्याच वर्षी बांदाई नामकोने अ‍ॅटगेम्सवर खटला भरला. तो तडजोडीने मिटला. त्यानंतरच्या गेमांत पॅक-मॉम आली. या दोन गोष्टींचा संबंध कोणीही जोडेल, मीही जोडतो. तो अंदाज आहे, पण ज्याने रॉयल्टीचे तक्ते भरले आहेत त्याला तो फार धाडसी वाटणार नाही. प्रत्येक वेळी तिसऱ्याला हिस्सा द्यावा लागणारं पात्र वापरण्यापेक्षा पूर्ण आपल्या मालकीचं नवं पात्र उभं करणं स्वस्त पडतं.

गाईडमध्ये काय असतं

अशा गाईडची साधारण रचना सगळीकडे सारखी असते, म्हणून यावर फार थांबत नाही. पात्रांच्या अधिकृत मुद्रा, समोरून-बाजूने-मागून दाखवणारी टर्नअराउंड पानं, लोगो आणि त्याच्याभोवती मोकळी सोडायची जागा, रंगांचे पॅन्टोन (ठरावीक रंगक्रमांक) आणि सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) आकडे, तयार पॅटर्न, छोटे बॅज, पॅकेजिंगचं टेम्प्लेट, हँगटॅग, आणि शेवटी लीगल लाइन: कॉपीराइटची ओळ कुठे, किती मोठी, कुठल्या शब्दांत. वस्त्रोद्योगासाठी पॅन्टोनचे वेगळे कापडी क्रमांक असतात, आणि कागदावरचा क्रमांक कापडाला लावला की पिवळा हमखास फसतो. टीएम आणि आरचं चिन्ह यांची अदलाबदल हीसुद्धा नेहमीची चूक. ‘आर’ तिथेच लावायचा जिथे त्या देशात त्या वर्गातल्या मालासाठी नोंदणी झालेली आहे.

रेट्रो गेमच्या गाईडमध्ये यावर एक भर असते: काळाची भिंत. एकाच पात्राची पिक्सेलमधली जुनी मालिका आणि आजची गुळगुळीत मालिका वेगवेगळ्या विभागांत ठेवतात आणि ती एकमेकांत मिसळू देत नाहीत. सेगाच्या सॉनिकचं बघा. १९९१ चा सॉनिक ठेंगणा, डोळे काळे. १९९८ च्या ‘सॉनिक अ‍ॅडव्हेंचर’पासून तो उंच झाला, डोळे हिरवे झाले. २०११ च्या ‘सॉनिक जनरेशन्स’मध्ये दोघे एकत्र आले ते मुद्दाम दोन वेगळी पात्रं म्हणून. जुन्या शरीरावर हिरवे डोळे लावलेला टी-शर्ट कुठल्याही परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. मारिओच्या बाबतीत तर रंगच उलटे झाले. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये डंगरी लाल आणि शर्ट निळा होता, आज लाल शर्टावर निळी डंगरी आहे. ‘मूळ तेच खरं’ म्हणून १९८१ चे रंग आजच्या त्रिमितीय मारिओला लावले तर ना जुना मारिओ उरतो ना नवा.

समजा, एक टी-शर्ट

समजा, कपड्यांच्या एका लायसन्सीला काळ्या टी-शर्टवर पॅक-मॅनचं जोडपं हवं आहे. आर्केडच्या पडद्यासारखं, पिक्सेलमध्ये. विकायला सोपी कल्पना. आता ती एकेक पायरीने अडकत कशी जाते ते बघू.

पहिली अडचण रंगांची. पॅक-मॅनच्या सर्किट बोर्डवर रंगांची एक छोटी चिप आहे. तिच्यात प्रत्येक रंगाला एक बाइट: लालला ३ बिट, हिरव्याला ३, निळ्याला २. या बिटांतून रोधकांमार्फत व्होल्टेज तयार होतं आणि ते काचेच्या पडद्यावर चमकतं. पॅक-मॅनचा पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही पूर्ण जोरात, निळा शून्य. हा प्रकाश आहे, शाई नाही. नुसती पिवळी शाई कागदावर टाकली की लिंबासारखी हिरवट दिसते, म्हणून तिच्यात थोडा मॅजेंटा मिसळून ती उबदार करावी लागते. किती, हे गाईडमधला पॅन्टोन ठरवतो. इंकी नावाच्या भुताचा आकाशी रंग तर छपाईच्या आवाक्याबाहेरच आहे, आणि चक्रव्यूहाच्या भिंतींचा निळा सीएमवायकेमध्ये जांभळ्याकडे झुकतो. जुना गेम संगणकावर चालवणाऱ्या एमुलेटरवरून स्क्रीनशॉट घेऊन आयड्रॉपरने रंग उचलणारे डिझायनर इथेच फसतात. त्यांना वाटतं आपण मूळ रंग घेतला, पण त्यांनी घेतलेला असतो एका प्रोग्रामचा अंदाज.

दुसरी अडचण पिक्सेलची. आर्केडचा पडदा २२४ बाय २८८ पिक्सेलचा, उभा. पडद्याचं प्रमाण मात्र ३ बाय ४. गणित केलं तर प्रत्येक पिक्सेल चौरसापेक्षा साधारण साडेतीन टक्के अरुंद येतो. पॅक-मॅनच्या बाबतीत हा फरक डोळ्याला जाणवत नाही, म्हणून चौरस पिक्सेल चालून जातात. निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलवर पिक्सेल रुंदीला आठ-सातच्या प्रमाणात पसरट होता, तिथे हा प्रश्न खरोखर छळतो: पात्र जसं साठवलं होतं तसं छापायचं, की लोकांनी टीव्हीवर बघितलं तसं? गाईडने हे एकदा ठरवून टाकलेलं असतं. लायसन्सीने पुन्हा ठरवायचं नसतं, आणि फाइल ओढून ताणून ‘बरं दिसतंय’ म्हणायचं तर मुळीच नसतं.

मग कापड. काळ्या कापडावर पिवळी शाई थेट टाकली तर ती मेलेली, शेवाळी दिसते. म्हणून खाली पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, ज्याला छापखान्यात अंडरबेस म्हणतात. हा पांढरा थर वरच्या रंगापेक्षा किंचित आत घेतात, नाहीतर कडेने पांढरी रेघ डोकावते. गोलाकार चित्रात हे कोणाला कळत नाही. पिक्सेल चित्रात मात्र प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यावर याचा परिणाम होतो. पॅक-मॅन साधारण १३ पिक्सेल रुंद आहे. प्रत्येक पिक्सेल ६ मिलिमीटरचा केला तर तो ७८ मिलिमीटरचा होतो, आणि अर्धा मिलिमीटर आत घेतलेला पांढरा कुठेच दिसत नाही. पण त्याच टी-शर्टवर कोणी अख्खा चक्रव्यूह मागितला आणि छपाईची रुंदी २८० मिलिमीटर असली, तर एक पिक्सेल सव्वा मिलिमीटरचा. भिंतींची रेघ एका पिक्सेलची आहे. तिथे दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर घेतला तर पांढऱ्याची पाव मिलिमीटरची केसासारखी रेघ उरते, आणि तीही छपाईच्या जाळीतून धड उतरत नाही. मग छापखानेवाला परस्पर रेघा जाड करतो, आणि पडद्यावरचा नाजूक दुहेरी चक्रव्यूह जाडजूड होऊन लायसन्सरकडे जातो. प्री-प्रॉडक्शन सॅम्पल, म्हणजे उत्पादनाआधीचा नमुना, तिथेच नापास. चांगल्या गाईडमध्ये चक्रव्यूहाची छोट्या आकारासाठी वेगळी, सोपी केलेली आवृत्ती असते ती याचसाठी. ती आळशीपणाने काढलेली नसते, आणि तिला डावलून ‘मूळ’ चक्रव्यूह वापरण्याचा मोह टाळावा.

आता तिसरी अडचण, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. जोडपं. गाईडमध्ये पॅक-मॅन आहे, चार भुतं आहेत, फळं आहेत, लोगो आहे. बाई नाही. डिझायनर गूगलवर जातो, मिझ पॅक-मॅनचं शेकडो ठिकाणी पडलेलं पिक्सेल चित्र उचलतो आणि कन्सेप्ट पाठवतो. नकार येतो, बहुतेकदा एका ओळीचा. तो चिडतो: पात्र तर तुमचंच ना?

पात्र त्यांचं असलं तरी त्याला दिलेल्या परवान्यात ते नाही. करारात ‘लायसन्स्ड प्रॉपर्टी’ची व्याख्या असते आणि ती नावानिशी असते. जे तिथे लिहिलेलं नाही ते लायसन्सीच्या दृष्टीने दुसऱ्याचं. बहुतेक करारांत लायसन्सर गप्प राहिला तर तो होकार समजायचा नसतो, नकारच समजायचा. म्हणून ‘आम्ही कन्सेप्ट पाठवला होता, उत्तर आलं नाही, म्हणून छापलं’ हा बचाव टिकत नाही.

न दिसणारी घुसखोरी

बाईला बाहेर ठेवणं तसं सोपं. लाल फीत दिसली की कोणीही थांबवतो. खरा गोंधळ तिच्या गेममधल्या बाकीच्या गोष्टींनी होतो, कारण त्यांच्यावर तिचं नाव लिहिलेलं नसतं.

चक्रव्यूह घ्या. मूळ पॅक-मॅनमध्ये चक्रव्यूह एकच, निळ्या रेघांचा. मिझ पॅक-मॅनमध्ये चार, वेगवेगळ्या रंगांचे, आणि पहिलाच गुलाबीकडे झुकणारा. मुलींच्या कपड्यांसाठी ‘जरा गुलाबी पार्श्वभूमी बघा’ असं कोणी सांगितलं आणि डिझायनरने जालावरून रेडीमेड गुलाबी चक्रव्यूह उचलला, तर त्या टी-शर्टवर पॅक-मॅन एकटा असला तरी तो मिझ पॅक-मॅनच्या घरात उभा आहे. निळ्या चक्रव्यूहाला गुलाबी रंग देणं वेगळं, तेही परवानगीनेच, पण निदान मालमत्ता बदलत नाही.

फळांचं तर आणखी गमतीदार. मूळ गेममध्ये चेरी, स्ट्रॉबेरी, संत्रं, सफरचंद आणि मेलन अशी फळं येतात, मग एक यान, घंटा आणि किल्ली. मिझ पॅक-मॅनमध्ये प्रेट्झेल, पेअर आणि केळं आहे. म्हणजे ‘पॅक-मॅनची फळं’ म्हणून केलेल्या पॅटर्नमध्ये एक प्रेट्झेल सापडला तर त्यात दुसरा गेम शिरला. मोज्यांवर, गिफ्ट रॅपवर, फोन कव्हरवर असे पॅटर्न खूप खपतात आणि परीक्षकही त्यावर फार बारीक नजर टाकत नाही, कारण त्यात पात्रच नसतं. माझ्या अनुभवात चुका नेमक्या अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या पॅटर्नमध्येच दडलेल्या असतात.

आणि ते यान? ते ‘गॅलॅक्सियन’ या नामकोच्याच १९७९ च्या गेममधलं आहे. मूळ पॅक-मॅनच्या पडद्यावर आहे म्हणून पॅक-मॅनचा भाग मानायचं, की दुसऱ्या प्रॉपर्टीची पाहुणी म्हणून वेगळी लीगल लाइन मागायची? पडद्यावर फळांच्या रांगेत दिसणं एक, आणि टी-शर्टच्या मध्यभागी मोठं करून छापणं दुसरं. गाईड इथे गप्प असेल तर विचारावं. दोन दिवस जातील, पण गोडाउनमध्ये अडकलेला माल त्याहून जास्त खातो.

भुतांच्या नावांत तर अगदी सराईत माणूसही घसरतो. पॅक-मॅनमधलं नारिंगी भूत क्लाइड. मिझ पॅक-मॅनमध्ये त्याच जागी, त्याच रंगात, सू आहे. चित्र हुबेहूब, फक्त नाव वेगळं. चार भुतांखाली नावं छापायची ठरली आणि कॉपी लिहिणाऱ्याने चुकीच्या ठिकाणाहून नावं घेतली, तर चित्रात काहीही चूक नसताना माल नापास होतो. म्हणून नावंसुद्धा गाईडमधूनच कॉपी करावीत, आठवणीतून टाइप करू नयेत. ब्लिंकी, पिंकी, इंकी ही तीन सगळ्यांना पाठ असतात, चौथ्याशीच घात होतो.

मग उपाय काय

पॅक-मॉम आहे ना, ती वापरा, असं कोणी म्हणेल. गुळगुळीत, आजच्या शैलीच्या मालासाठी, आणि करारात तिचं नाव असेल तर, तो सरळ मार्ग आहे. पण आपल्या टी-शर्टचा सगळा डाव १९८० च्या पडद्याचा आहे, आणि १९८० च्या दशकात पॅक-मॉम अस्तित्वातच नव्हती. पुन्हा आलेल्या ‘पॅक-लँड’मध्ये तिचं जुन्या पद्धतीचं पिक्सेल रूप काढलं गेलं, पण ते १९८४ च्या, जास्त तपशीलवार कार्टून शैलीतलं आहे. १३ पिक्सेलच्या बिनडोळ्याच्या गोळ्याशेजारी ते उभं केलं तर काळाची भिंत मोडते. आणि लायसन्सीने स्वतः बसून तिचं १९८० च्या धाटणीचं चित्र काढलं, तर ते नवं आर्टवर्क झालं. त्याची मालकी बहुतेक करारांप्रमाणे लायसन्सरकडे जाते, अप्रूव्हलला महिने लागतात आणि होकाराची हमी नाही.

म्हणून मी असतो तर जोडप्याची कल्पनाच सोडून दिली असती. पॅक-मॅन आणि त्याच्या मागे लागलेली चार भुतं, किंवा पॉवर पेलेट, म्हणजे चक्रव्यूहातला मोठा ठिपका, खाल्ल्यावर निळी पडून उलटी पळणारी तीच भुतं, ही दोन चित्रं एका टी-शर्टच्या पुढे आणि मागे ठेवली असती. पाठलाग उलटतो, विनोद आपोआप होतो, आणि सगळी पात्रं एकाच गेमची, एकाच लीगल लाइनखालची. निळ्या भुताची थरथरती तोंडाची रेघ एका पिक्सेलची आहे, ती छपाईत टिकेल एवढा आकार मात्र आधी मोजून घ्यावा.

जुन्या मालाचं काय, हाही प्रश्न असतो. गाईड बदललं म्हणून आधी मंजूर झालेला माल आपोआप बेकायदा होत नाही. पण पुढची छपाई नव्या गाईडप्रमाणेच करावी लागते, आणि करार संपला तर उरलेला साठा विकायला ठरावीक मुदत मिळते, बऱ्याचदा ९० दिवसांची. यासाठी प्रत्येक मंजूर आर्टवर्कच्या फाइलमध्ये गाईडची आवृत्ती, मंजुरीची तारीख आणि अप्रूव्हलचा क्रमांक लिहून ठेवावा. सर्व्हरवरचं जुनं गाईड काढून टाकू नये, पण वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावं आणि त्याचं नाव बदलावं. नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी नवा माणूस शोध घेतो, जुन्या फोल्डरमधली लाल फितीची बाई त्याला सापडते आणि ती पुन्हा लेआउटमध्ये जाऊन बसते.